जलकन्येचा शेवट बदलू नये

पांढुर्णा आणि सौसर येथील मराठी घरांतल्या मुलांनी समुद्र बहुधा चित्रातच पाहिलेला असतो. परंतु पाण्यात कोणीतरी राहते, ही कल्पना त्यांना परकी नाही. डोहातल्या साती आसरा मराठी आजीच्या गोष्टींत फार जुन्या आहेत. तेव्हा डॅनिश लेखक हान्स अँडरसन यांची १८३७ सालची जलकन्येची कथा या मुलांना अवश्य सांगावी. मात्र तिचा शेवट न बदलता सांगावी, असे आम्हांस वाटते.

समुद्रराजाची धाकटी कन्या बुडत्या राजपुत्राला वाचविते, त्याच्यासाठी आपला आवाज देऊन टाकते आणि तो विवाह करतो दुसरीशीच. तेव्हा तिच्या पाच बहिणी आपले लांब केस चेटकिणीला देऊन एक सुरी आणतात. राजपुत्राला मारले तरच ती वाचणार असते. ती सुरी लाटांत भिरकावते, स्वतः फेस होते आणि पुढे वायुकन्यांमध्ये जाते. १९८९ साली आलेल्या डिस्नेच्या चित्रपटाने तिचे लग्न लावून दिले. चित्रपट गोड आहे, नाही असे नाही. पण त्यात बहिणींचे ते कापलेले केस गेले. राजपुत्रावरचे प्रेम आठ वर्षांच्या मुलाला काय कळणार? केस देणाऱ्या बहिणी त्याला पक्क्या कळतात. मुलांच्या चांगल्या-वाईट वागण्यावर वायुकन्यांची वर्षे कमी-जास्त होण्याचा जो हिशेब अँडरसनने अखेरीस जोडला आहे, तो मात्र खुशाल गाळावा.

“एवढे दुःख मुलांना कशाला?” असे पालक विचारतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदी ओलांडताना दोन्ही काठांच्या दगडांखाली पडलेल्या पांढुर्ण्याच्या तरुणाची व सावरगावच्या मुलीची आख्यायिका तेथील मुले लहानपणापासूनच ऐकतात. त्या दगडांनी पुढे खरेच जीव घेतले, हेही त्यांच्या कानांवर येते. आणि घरात आजी गेली की त्याच मुलांना आपण “ती गावाला गेली आहे” असे सांगतो! मूल दाराकडे पाहत बसते. विचारायला त्याच्याजवळ शब्द नसतात. जलकन्येची गोष्ट ऐकलेले मूल निदान “आजीचाही फेस झाला का?” एवढे तरी विचारील.

गोष्ट रात्री, मराठीतून, पुस्तक मिटून सांगावी. फेस कुठे गेला, असे मुलांनी विचारलेच तर जामचे पाणी प्राणहितेतून गोदावरीत आणि तेथून बंगालच्या उपसागरात जाते, हे नकाशावर बोट ठेवून दाखवावे.