गाणे आणि गाऱ्हाणे

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या घोडपदेवच्या चाळीत गणपतीच्या दिवसांत रोज रात्री भजन होते. पेटी, पखवाज, टाळ यांचा गजर थांबला आणि आरती आटोपली, की चाळीतले वयाने सर्वांत मोठे काका पुढे होतात आणि देवाला गाऱ्हाणे घालतात. कुणाच्या मुलाची परीक्षा आहे, कुणाला नोकरी नाही, कुणाची सून बाळंतपणाला माहेरी गेली आहे, नळाला पाणी येत नाही, इमारतीचे कागद कुठेतरी अडकले आहेत – हे सारे एका दमात देवाच्या कानावर घातले जाते आणि प्रत्येक वाक्यामागून सारा मजला "व्हय महाराजा!" म्हणून साथ देतो. गेल्या वर्षी ते ऐकताना माझ्या मनात आले, की एवढ्या वेळात चाळीचे गाणेही झाले आणि चाळीची बातमीही झाली! पण हे वर्षातून थोडेच दिवस. एरवी आमचे गाणे आणि आमचे गाऱ्हाणे ऐकतो कोण?

प्रस्तुत लेखात मला एकच गोष्ट मांडावयाची आहे. घोडपदेवसारख्या वस्तीला स्वतःचे लहानसे नभोवाणी केंद्र हवे आणि त्या केंद्रावर गाण्याइतकाच गाऱ्हाण्यालाही हक्क हवा. पहिली मागणी कायद्याने मान्य केलेली आहे. दुसरी अजून झालेली नाही.

रे रोड आणि कॉटन ग्रीन या स्थानकांवरून जाताना घोडपदेव कुणाच्या लक्षातही येत नाही. गिरणीत, गोदीत आणि गोदामांत राबणाऱ्या माणसांची ही वस्ती. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या. न्यू हिंद मिलच्या जागेवर आज गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेल्या उंच इमारती उभ्या आहेत. कोकणातून, घाटावरून आलेली माणसे येथे आपापली गाणी घेऊन आली. माझे आजोबा गिरणीत होते आणि शक्ती-तुऱ्याच्या बारीत उभे राहत. त्यांच्या गाण्यांची वही आमच्या ट्रंकेत आहे. शब्द आहेत, पण चाल आता कुणालाच येत नाही. आजी दोन ओळी गुणगुणते आणि थांबते. कुणीतरी त्यांच्यासमोर एकदा ध्वनिमुद्रण यंत्र ठेवले असते तर? हा प्रश्न मला पुष्कळदा छळतो.

शक्ती-तुरा म्हणजे नुसते गाणे नव्हे. एका बाजूने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्या बाजूने त्याला गाण्यातूनच जबाब द्यायचा. गिरणगावात गाणे आणि प्रश्न यांची फारकत कधी झालीच नाही. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लालबावटा कलापथक उभे केले, तेव्हा त्यांनीही हेच केले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहिरांच्या डफावर सभा गोळा होत, आणि जमलेले लोक गाण्यासाठी येत तसेच प्रश्न ऐकण्यासाठीही येत.

आकाशवाणीचे ऋण मी नाकारीत नाही. मुंबई केंद्राच्या 'कामगार सभे'चे आणि 'वनिता मंडळा'चे नाव आजी अजून काढते. मजल्यावर ज्याच्या घरी रेडिओ असे, त्याच्या दारात बायका निवडटिपण घेऊन बसत. परंतु तो कार्यक्रम कामगारांसाठी होता, कामगारांचा नव्हता. ऐकणारे आम्ही, बोलणारे दुसरे. दारात बसलेल्या बाईला आपले म्हणणे त्या पेटीत घालण्याची सोय नव्हती.

मुंबईला लोकांच्या नभोवाणीचा इतिहास नाही असे मात्र कुणी समजू नये. १९४२ च्या ऑगस्टमध्ये 'चले जाव'ची हाक उठल्यावर अवघ्या बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी यांनी याच शहरात गुप्त काँग्रेस रेडिओ चालविला. जागा बदलत बदलत ते प्रक्षेपण करीत. वृत्तपत्रांना छापता न येणाऱ्या आष्टी-चिमूरसारख्या बातम्या त्यांनी लोकांपर्यंत पोहोचविल्या. कार्यक्रमाचा आरंभ गीताने होई आणि शेवट 'वंदे मातरम्'ने. मध्ये बातम्या आणि भाषणे. नोव्हेंबरमध्ये गिरगावात पोलिसांनी त्यांना पकडले. उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. पुढे त्यांनी विल्सन महाविद्यालयात अनेक वर्षे अध्यापन केले. आपल्यासारख्याच एका विद्यार्थिनीने हे केले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

स्वातंत्र्यानंतरही आकाशातल्या लहरी कित्येक वर्षे सरकारच्याच ताब्यात राहिल्या. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालात, या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तिचा उपयोग लोकहितासाठीच झाला पाहिजे, असे स्पष्ट केले. त्यानंतर प्रथम शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून नफा न कमावणाऱ्या सामाजिक संस्थांनाही लहान केंद्रे काढण्यास परवानगी मिळू लागली. यालाच सामुदायिक किंवा कम्युनिटी रेडिओ म्हणतात. शंभर वॅटचे प्रक्षेपण यंत्र, तीस मीटरपर्यंतचा मनोरा आणि निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांनीच तयार केलेले, असा त्याचा साधारण थाट. मुंबई विद्यापीठाचे १०७.८ मेगाहर्ट्झवरील केंद्र २००८ साली सुरू झाले.

त्याच वर्षी दुष्काळी माण तालुक्यातील म्हसवडला 'माणदेशी तरंग' सुरू झाले आणि लोकगीते गाणाऱ्या केराबाईंसारख्या स्त्रिया तेथे निवेदक झाल्या. तेलंगणातील माचनूर येथे १५ ऑक्टोबर २००८ पासून दलित शेतकरी स्त्रियांनी चालविलेला 'संगम रेडिओ' सुरू झाला. बियाणे, पीक, औषधी वनस्पती आणि सणावारांची गाणी हे त्यांचे विषय. हे वाचले तेव्हा मला आमच्या गणपतीतील एक गोष्ट खटकली. आमच्या मजल्यावर गाऱ्हाणे घालण्याचा मान पुरुषांचा. पाण्यासाठी पहाटे उठणारी आजी मागे उभी राहून फक्त "व्हय महाराजा" म्हणते. पाण्याची खरी हकीगत ठाऊक असते ती तिला! म्हसवडच्या आणि माचनूरच्या बाया पुढे येऊन बोलू शकतात, मग घोडपदेवच्या का नाही?

परदेशातील एक उदाहरण मला आमच्या फार जवळचे वाटते. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया नावाचा देश आहे. तेथील कथिलाच्या खाणींतील मजुरांनी १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीपासून स्वतःच्या पगारातून वर्गणी देऊन नभोवाणी केंद्रे काढली. त्यांवर खाणकामगारांचे संगीत लागे आणि संघटनेच्या सभांचे वृत्तही लागे. १९८० साली लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा या केंद्रांनी एकमेकांशी जोडून घेऊन देशाला खबर दिली. परंतु १९८५ नंतर खाणी बंद पडल्या, मजूर पांगले आणि बरीच केंद्रे मुकी झाली. गिरणगावाच्या मुलीला यातून एक धडा मिळतो. केंद्र धंद्यावर उभे केले, तर धंद्याबरोबर बुडते. आमच्या गिरण्या गेल्या. पण वस्ती आहे. म्हणून केंद्र वस्तीचेच हवे. त्यात जुन्या चाळीचे, नव्या टॉवरचे, भाडेकरूचे आणि काल गावाहून आलेल्याचेही बोलणे हवे.

काही मित्र मला विचारतात, "अगं, हातात मोबाईल असताना रेडिओ कशाला?" त्यांना मी घडलेली हकीगत सांगते. एकदा आमच्या मजल्याच्या व्हॉट्सॲप गटावर निरोप फिरू लागला, की महिन्याभरात खोल्या रिकाम्या कराव्या लागणार. कुणी पाठविला, कुठून आला, पत्ता नाही. शेजारच्या काकींनी माळ्यावरची भांडी खाली काढून बांधायला घेतली. दोन रात्री कुणाला धड झोप नाही. शेवटी कळले, की ती फक्त बैठकीची सूचना होती! त्या निरोपाचा जाब आम्ही कुणाला विचारणार? नभोवाणीवर बोलणाऱ्याला नाव असते, वेळ असते, जागा असते. चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याला चूक कबूल करावी लागते. शिवाय आजीला वाचता येत नाही, ऐकता येते.

आता मुख्य मुद्दा. सामुदायिक केंद्राला स्वतः गोळा केलेली बातमी देण्याची मुभा नाही. बातम्या द्यायच्याच, तर त्या आकाशवाणीच्या. पाणी, वीज, रोगराई यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेली सूचना सांगता येते. म्हणजे 'उद्या पाणी येणार नाही' हे कार्यालयाने कळविले, तर ते आम्ही सांगावे. पण 'येणार म्हटले होते, तरी आले नाही' हे आम्ही स्वतः पाहून बातमी म्हणून सांगायचे नाही. गाणे चालेल, गाऱ्हाणे चालणार नाही, असाच याचा अर्थ नव्हे काय?

सरकारची भीती अगदीच पोकळ आहे असे मी म्हणत नाही. १९९२-९३ च्या दंगलीत या शहरात अफवांनी काय केले, ते आमचे वडीलधारे सांगतात. दाट वस्तीत एक खोटा शब्द आगीसारखा पसरतो. पण मग वर्तमानपत्राला बातमी छापता येते, दूरचित्रवाणीच्या वाहिन्यांना दिवसभर ती दाखविता येते, आणि मोजक्याच वस्तीला ऐकू जाणाऱ्या शंभर वॅटच्या केंद्राला मात्र बंदी, याला न्याय कसा म्हणावा? अफवेवर उपाय मौन हा नाही. नाव सांगून बोललेले खरे हाच आहे. नियम कडक करावेत, चूक झाल्यास खुलासा सक्तीचा करावा. परंतु तोंडच बांधून ठेवू नये.

हा कायदा आम्ही विद्यार्थी उद्या बदलू शकणार नाही. पण कायद्याची वाट न पाहता करण्याजोगे पुष्कळ आहे. मराठी विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना यांनी मिळून दर शनिवारी अर्ध्या तासाचा कार्यक्रम मुद्रित करावा. अर्धा वेळ गाण्याला: भजनी बुवा, शक्ती-तुऱ्याचे शाहीर, जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या आज्या. उरलेला अर्धा वेळ पाणी, भाडे, शाळा, दवाखाना यांविषयी माणसांच्या स्वतःच्या तोंडून ऐकण्याला, आणि विभाग कार्यालयातील अधिकाऱ्यांना उत्तरासाठी मोकळी जागा. प्राध्यापकांनी खरेखोटे तपासण्याची शिस्त आम्हाला शिकवावी. तो प्रथम वाचनालयात आणि चाळीच्या मंडळांत ऐकवावा. वर्षभर हे जमले, तर महाविद्यालयाने परवान्यासाठी रीतसर अर्ज करावा. शिक्षणसंस्थांना तो हक्क आहेच.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझे नाव छापून आले म्हणून आजी हा अंक उशाशी ठेवील, पण तिला तो वाचता येणार नाही. तिच्यासाठी मी हा लेख मोठ्याने वाचून दाखविणार आहे. पाण्याची हकीगत आली की ती मला थांबवील आणि म्हणेल, "असं नाही, मी सांगते." मला तिचे ते सांगणे साऱ्या घोडपदेवला ऐकवायचे आहे. प्राचार्यांनी आणि विभागाने एवढे मनावर घ्यावे, हेच माझे गाऱ्हाणे. साथ द्यायला आमचा मजला तयार आहे: व्हय महाराजा!