झोपेची उधारी

"मला चार तास झोप पुरते," हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल. परदेशातल्या आपल्या मंडळींत ते जरा अभिमानानेच म्हटलं जातं. दिवसा इथलं ऑफिस, रात्री भारतातल्या टीमबरोबर कॉल. झोपेचं खोबरं होतं आणि वर त्याचंच कौतुक. दाखलाही तयार असतो: "जंगलातला हत्ती दोनच तास झोपतो!"

दाखला खरा आहे. बोट्स्वानातल्या दोन हत्तिणींच्या सोंडेत यंत्र बसवून संशोधकांनी २०१७ साली ही सरासरी मांडली. पण वटवाघळाची एक जात दिवसाचे जवळपास २० तास झोपते. तिचा दाखला मात्र कुणी देत नाही. प्रत्येक प्राण्याची गरज वेगळी. हत्तीचं माप आपल्याला लावता येत नाही.

त्यापेक्षा फ्रिगेट पक्ष्याकडे पाहा. हा समुद्रावर दिवसचे दिवस उडतो, पण त्याची पिसं भिजतात म्हणून पाण्यावर बसू शकत नाही. गॅलापागोस बेटांवरच्या अभ्यासात तो उडताना दिवसाला सरासरी ४२ मिनिटं झोपतो असं दिसलं. जमिनीवर परतला की मात्र १२ तासांहून जास्त! डॉल्फिन अर्धा मेंदू झोपवतो आणि अर्धा जागा ठेवतो. अंटार्क्टिकाजवळ घरट्यात बसलेला चिनस्ट्रॅप पेंग्विन सुमारे चार-चार सेकंदांच्या डुलक्या घेतो, दिवसाला दहा हजारांहून अधिक. बेरीज भरते ११ तासांच्या वर. आणि मेंदूच नसलेला कॅसिओपिया जेलीफिश? त्याला रात्री झोपू दिलं नाही, तर दुसऱ्या दिवशी तो मंदावतो.

माझ्या मते यातून एकच गोष्ट घ्यायची. झोपलेला प्राणी शिकाऱ्याच्या तोंडी सहज सापडतो. झोप टाळण्यासारखी असती, तर उत्क्रांतीच्या ओघात ती केव्हाच गळून पडली असती. प्राण्यांनी ती तुकड्यांत घेतली, अर्ध्या मेंदूने घेतली, पण सोडली नाही.

आपल्याकडे ना अर्धा मेंदू झोपवायची सोय, ना चार सेकंदांच्या डुलक्यांवर भागवायची. चार सेकंदांची डुलकी आपल्यालाही लागते, पण ती हायवेवर स्टिअरिंग हातात असताना लागली तर काय, ते सांगायला नको. म्हणून रात्री अकराच्या कॉलची वेळ बदलून मागायला लाजू नका. आणि पुढच्या वेळी कुणी चार तासांची बढाई मारली, तर कौतुक करू नका. उद्या गाडी कोण चालवणार आहे, एवढंच विचारा.