कचरा गेला; माती व पाणी?

पिथमपूरच्या भट्टीत जून २०२५ अखेर ३३७ टन विषारी कचरा जळून संपला, आणि भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याचा चाळीस वर्षांचा कलंक धुऊन निघाला, असे समाधान सरकारदरबारी व्यक्त झाले. या समाधानात आम्हांस सहभागी होता येत नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. भोपाळची माती २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री सुटलेल्या वायूने नासली, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः वायू वाऱ्याबरोबर गेला. मातीतले विष त्याच्या कितीतरी आधीचे आहे. १९६९ साली कारखाना सुरू झाला तेव्हापासून कीटकनाशकांचा गाळ व निकामी रसायने आवारातच खड्डे करून पुरली जात होती. १९७७ पासून सांडपाणी कुंपणाबाहेरील तळ्यांत सोडण्यात येऊ लागले. ही तळी गळत असल्याचे १९८२ मध्ये कंपनीच्याच तारांत नमूद झाले होते. म्हणजे धन्यास ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते पलीकडच्या वस्तीत हातपंपाचे पाणी पिणाऱ्यांना. १९८९ ची ४७ कोटी डॉलरांची तडजोड झाली ती वायूपीडितांच्या नावाने. आणि १९९८ मध्ये भाडेपट्ट्याची ती जमीन राज्य सरकारकडे परत आली, ती विषासकट! घर सोडताना भाडेकरूकडून भिंतीतल्या खिळ्यांचाही हिशेब घेणारे आपण लोक. येथे मात्र किल्ली मुकाट्याने घेतली गेली.

पुढे २००५ मध्ये आवारातील वरवरचा कचरा गोळा करून गोदामात ठेवण्यात आला. तो जर्मनीस नेण्याची बोलणी २०१२ मध्ये फिसकटली. अखेर उच्च न्यायालयाने ३ डिसेंबर २०२४ रोजी चार आठवड्यांची मुदत घालताच १ जानेवारी २०२५ च्या रात्री बारा बंद वाहनांतून तो धार जिल्ह्यात रवाना झाला. इंदूर-धारकडील आमच्या वाचकांस पिथमपूर नव्याने सांगावयास नको. इंदूरला पाणी पुरविणारा यशवंत सागर तेथून दूर नाही, ही तेथील लोकांची धास्ती होती. ३ जानेवारीस गावात हरताळ पडला, दोघांनी अंगावर आग ओढवून घेतली. लोकांना विचारून, चाचणीचे आकडे आधी त्यांच्या हाती देऊन हे करता आले नसते काय? चाचण्या झाल्या त्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून, कचरा दारात येऊन पडल्यानंतर. जाळताना चुना मिसळावा लागतो. त्यामुळे उरलेली राख मूळ कचऱ्याहून जड, आठशे टनांच्या वर भरली. ती कोठे पुरावी, हा वाद भट्टी थंड झाल्यावरही न्यायालयापुढे राहिलाच.

तथापि खरा प्रश्न भोपाळातच आहे. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेसह २०१० मध्ये दिलेल्या अहवालात दूषित मातीचा अंदाज ११ लक्ष टनांचा आहे. जळालेला कचरा त्याच्या तीन हजारांत एक हिस्साही नव्हे. शेजारच्या वस्त्यांना शुद्ध पाणी द्या, असे सर्वोच्च न्यायालयास २००४ मध्ये बजवावे लागले होते. २००९ च्या एका तपासणीत कारखान्यापासून तीन किलोमीटरवरील भूजलातही कीटकनाशके आढळली. विष पाण्याबरोबर चालते. त्यास वाहन लागत नाही की न्यायालयाची मुदत लागत नाही.

आणि खर्च कोणाचा? कचरा हलविण्या-जाळण्यासाठी केंद्राने मंजूर केलेले १२६ कोटी रुपये तुमच्याआमच्या करांतले आहेत. राजस्थानातील बिछडी गावच्या खटल्यात, १९९६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दूषित करणाऱ्यानेच भूमी पूर्ववत करण्याचा खर्च सोसावा असा दंडक घालून दिला. हा दंडक बिछडीच्या छोट्या कारखानदारास लागू पडतो, मग २००१ मध्ये कार्बाइड विकत घेणाऱ्या डाऊ कंपनीस का नाही? आमची मागणी साधी आहे. मातीची व विहिरींची नव्याने, खोलवर तपासणी व्हावी, तिचे आकडे त्या वस्त्यांत हिंदीतून लावले जावेत, आणि शुद्धीकरणाचे देयक डाऊच्या नावे निघावे. तोवर त्या आवारात स्मारक उभारण्याच्या गोष्टी सरकारने बोलू नयेत.