वेढ्यांतलें खरेदीखत

गेल्या महिन्यांत एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतील मंडळी ओसरीवर बसली असतां यिर्मया या हिब्रू संदेष्ट्याची कथा मी सांगत होतों. कथा संपली तेव्हां मुलें पेंगत होतीं. पण वहिनींनीं एक प्रश्न विचारला. "भावोजी, नगर पडणार हें ज्याला पक्कें ठाऊक होतें, त्यानें वेढा पडलेला असतांना शेत कशासाठीं विकत घेतलें?" प्रश्न साधा होता, परंतु या पुरुषाच्या सबंध चरित्राचें मर्म त्यांत आहे असें मला वाटलें. म्हणून तीच कथा आज वाचकांपुढें ठेवतों.

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या जुन्या करारांत ज्यांना संदेष्टे म्हटलें आहे, ते ज्योतिषी नव्हत. ईश्वराचा निरोप आपणांस मिळाला आहे आणि तो पोंचविल्यावांचून आपली सुटका नाहीं, अशी ज्यांची धारणा, ते हे पुरुष होत. यिर्मया यरुशलेमच्या ईशान्येस अदमासें दीड कोसावर असलेल्या अनाथोथ गांवच्या पुरोहित-घराण्यांत जन्मला. इ. स. पूर्वीं सुमारें ६२७ सालीं, योशीया राजाच्या तेराव्या वर्षीं, त्याला हें कार्य प्राप्त झालें. आपण लहान आहों, आपणांस बोलतां येत नाहीं, अशी सबब त्यानें सांगून पाहिली; ती चालली नाहीं. पुढें चाळीस वर्षें तो बोलत राहिला. त्यानें लग्न केलें नाहीं. आपण जन्मलोंच कशाला, असा टाहो त्यानें एकदां फोडलेला आहे.

काळ मोठा कठीण होता. अश्शूरचें साम्राज्य मोडत होतें. एका बाजूस मिसर, दुसऱ्या बाजूस बाबेल, आणि मध्यें यहूदाचें चिमुकलें राज्य. इ. स. पूर्वीं ६०९ मध्यें योशीया मगिद्दो येथें मिसरच्या राजाकडून मारला गेला. तरीहि लोक निश्चिंत होते. प्रभूचें मंदिर आपल्या नगरांत आहे, तेव्हां नगराला धक्का कसा लागेल, अशी त्यांची समजूत होती. यिर्मया त्याच मंदिराच्या दारांत उभा राहिला आणि त्यानें स्पष्ट सांगितलें कीं, परक्याला, पोरक्याला व विधवेला नाडावें, खोट्या शपथा वाहाव्या, आणि मग येथें येऊन आपण सुरक्षित आहों असें म्हणावें, हें चालावयाचें नाहीं; शिलो येथील जुन्या पुण्यस्थानाची काय गत झाली ती जाऊन पाहा. पुरोहिताच्या मुलानें मंदिराविषयीं असें बोलावें! त्याला देहान्त शिक्षा द्यावी अशी मागणी झाली. कांहीं वडीलधाऱ्यांनीं मध्यें पडून तो वांचविला. सहाशें वर्षांनंतर येशूनें याच नगरांतील मंदिरांतून व्यापाऱ्यांना हांकून लावलें, तेव्हां त्याच्या तोंडीं यिर्मयाच्या या भाषणांतलेच शब्द आले.

मंदिरांत जाण्याची मनाई झाल्यावर त्यानें आपलीं वचनें बारूख नांवाच्या लेखकाकडून गुंडाळीवर लिहवून घेतलीं. हिंवाळ्याचे दिवस होते. राजा यहोयाकीम शेगडीपाशीं बसला होता. तीन-चार स्तंभ वाचून झाले कीं तो तेवढा भाग सुरीनें कापी आणि विस्तवांत टाकी. अशा रीतीनें सारी गुंडाळी जळाली. यिर्मयानें दुसरी गुंडाळी घेतली, सर्व मजकूर पुन्हां सांगितला, आणि त्यांत आणखी भरच घातली.

इ. स. पूर्वीं ५९७ मध्यें बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानें यरुशलेम प्रथम घेतलें आणि राजासह प्रतिष्ठित मंडळी बाबेलास नेली. तेव्हां हनन्या नांवाचा दुसरा एक संदेष्टा, दोन वर्षांत सर्व परत येतील, असें सांगूं लागला. लोकांना तें गोड वाटलें. यिर्मयाहि म्हणाला कीं, तसें घडो. पण तसें घडणार नाहीं हें त्याला दिसत होतें. हद्दपार झालेल्यांना त्यानें पत्र पाठविलें: तेथेंच घरें बांधा, बागा लावा, मुलांचीं लग्नें करा, आणि ज्या नगरांत राहतां त्याचें कल्याण चिंता. शत्रूच्या नगराचें हित चिंता असें सांगणारा मनुष्य घरभेदी ठरला तर नवल काय? पुढें दुसरा वेढा पडला. शरण जा, म्हणजे जीव तरी वांचतील, असें तो सांगत राहिला म्हणून सरदारांनीं त्याला चिखलानें भरलेल्या हौदांत सोडलें. त्याला वर काढलें तें एबद-मलेख या परदेशी कूशी सेवकानें. दोर काखांत रुतूं नयेत म्हणून त्यानें आधीं जुनींपानीं फडकीं खालीं सोडलीं, असें ग्रंथांत आवर्जून नमूद आहे.

त्याच वेढ्यांतली ही शेताची गोष्ट. यिर्मया पहाऱ्याच्या चौकांत कैदेंत असतां त्याचा चुलतभाऊ हनामेल आला आणि अनाथोथचें शेत तूं घे, तो हक्क तुझा आहे, असें म्हणाला. यिर्मयानें तें १७ शेकेल चांदी देऊन घेतलें. शेकेल म्हणजे अदमासें आपला एक तोळा. चांदी तराजूंत तोलली, खत लिहिलें, साक्षी घातल्या, मोहोर केली. एक प्रत मोहोरबंद व एक उघडी, अशा दोन्ही मातीच्या भांड्यांत ठेवविल्या, म्हणजे पुष्कळ दिवस टिकाव्या. या भूमींत पुन्हां घरें, शेतें व द्राक्षमळे विकत घेतले जातील, हा त्याचा अर्थ. बाकीचे आशा बोलत होते, त्या वेळीं हा नाश सांगत होता. आणि नाश दाराशीं आला, तेव्हां यानें आशेवर पैसे मोजले.

इ. स. पूर्वीं ५८७ च्या सुमारास नगर पडलें, मंदिर जळालें. बाबेलच्या अधिकाऱ्यानें त्याला सन्मानानें बाबेलास येण्यास सांगितलें. पण तो मागें राहिलेल्या गोरगरिबांतच राहिला. फितूर कोण होता, याचा निकाल यांतच लागला. पुढें पळून जाणाऱ्यांनीं त्याचा सल्ला मोडून त्यालाहि मिसरांत नेलें, आणि तेथें त्याची कथा संपते.

ईश्वर नवा करार करील आणि तो दगडावर नव्हे, अंतःकरणावर लिहील, ही आशाहि त्याचीच. ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथाचा उत्तरभाग 'नवा करार' म्हणविला जातो, तें नांव याच वचनावरून आलें. त्याच मंदिराच्या नाशाचा शोक आपल्या कोंकणांतील बेने इस्राएल मंडळी 'बिरड्याचा सण' म्हणून पाळीत. त्या दिवशीं वालाचें बिरडें खाण्याचा प्रघात म्हणून हें नांव.

मोठ्या कुटुंबांतहि कर्ज वाढतें आहे, भावाभावांत अंतर पडतें आहे, असें बोलणारा एखादा असतो. त्याला आपण अभद्र बोलणारा म्हणतों व गोड बोलणाऱ्याशेजारीं बसतों. खरें बोलणारा मनुष्य घराचा वैरी कीं हितकर्ता, हें त्याच्या शब्दांवरून नेहमीं कळत नाहीं. घर पडूं लागलें असतां तो काय करतो, त्यावरून कळतें.

हें सर्व सांगून झाल्यावर मी वहिनींना म्हटलें, "तें शेत त्यानें कधीं नांगरल्याचा उल्लेख नाहीं." त्या थोडा वेळ स्वस्थ बसल्या आणि म्हणाल्या, "मग तें त्यानें स्वतःसाठीं घेतलेंच नव्हतें." माझ्या लांबलचक उत्तरांत जें राहिलें होतें, तें त्यांनीं एका वाक्यांत सांगितलें.