रक्त काळ सांगते काय?

एच.आय.व्ही.चा संसर्ग उघडकीस आला की घरात पहिला प्रश्न औषधाचा निघावा. पण निघतो तो निराळाच. ‘हे आणले कोणी, आणि केव्हा?’ गर्भारपणातील तपासणीमुळे पुष्कळदा सुनेचे निदान आधी होते आणि बोटही तिच्याकडेच वळते. वास्तविक निदान आधी झाले म्हणजे संसर्ग आधी झाला, असे मुळीच नव्हे. तेव्हा रक्तावरून संसर्गाचा काळ ठरविता येतो, या बोलण्यात तथ्य किती, ते पाहू.

विषाणू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पण ती सारी एकदम येत नाहीत. विषाणूच्या काही प्रथिनांविरुद्धची काही आठवड्यांतच दिसू लागतात, ‘पी-३१’ या प्रथिनाविरुद्धची मागाहून. वेस्टर्न ब्लॉट चाचणीच्या पट्टीवर प्रत्येकाची वेगळी रेघ उमटते. इतर रेघा आहेत आणि पी-३१ची तेवढी नाही, तर संसर्ग ताजा असावा, असा तर्क करतात. दुसरी खूण पकडीची. सुरुवातीची प्रतिपिंडे विषाणूला सैल धरतात. महिने लोटतात तशी पकड घट्ट होते. नवशिक्याने मारलेली गाठ आणि मुरलेल्या गड्याने मारलेली गाठ यांत असतो, तोच हा फरक!

परंतु ही गणिते समाजाची, एकट्या माणसाची नव्हेत. वस्तीत नवे संसर्ग किती होत आहेत, हे अजमावण्यासाठी ती बसविलेली आहेत. नियमित औषध घेणाऱ्याच्या किंवा रोग विकोपाला गेलेल्याच्या रक्तात जुना संसर्गही नवा भासतो. ‘बेड’ नावाच्या अशाच एका चाचणीने आकडे फुगतात असे दिसून आल्यावर, संयुक्त राष्ट्रसंघाच्या एड्सविषयक संस्थेने २००५ साली त्या कामी तिच्यावर विसंबू नये असे बजावले. शिवाय पतिपत्नी दोघांचाही संसर्ग जुना निघाला, तर पहिला कोणाचा, याविषयी या चाचण्या मुक्याच राहतात. घरच्या न्यायनिवाड्यात त्यांना साक्षीला बोलावणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

एकाचे निदान झाले असेल, तर दुसऱ्याने विनाविलंब तपासणी करून घ्यावी. सरकारी केंद्रांत ती विनामूल्य होते. संसर्गाचा संभव अलीकडचा असेल, तर पहिला निर्वाळा चांगला आला तरी तीन महिन्यांनी पुन्हा जावे. २०१७ पासून आपल्या देशात निदान होताच औषध देण्याचे धोरण आहे. आणि त्याच वर्षीच्या कायद्याने रुग्णाच्या संमतीवाचून तपासणी करण्यास व त्याचे गुपित फोडण्यास मनाई केली आहे. ही मनाई सासर-माहेरच्या वडीलधाऱ्यांनीही ध्यानी घ्यावी.