आईच्या चटणीच्या नूडल्स

मागच्या ऑक्टोबरमध्ये मी आईशी खोटं बोलले. व्हिडिओ कॉलवर तिने विचारलं, "चटणी पुरतेय ना गं दोघांना?" आणि मी पटकन म्हणून गेले, "हो, संपतच आलीय."

खरं म्हणजे चटणीचा तो स्टीलचा डबा मे महिन्यात बेळगावहून आणला तसाच, वर प्लास्टिकची पिशवी आणि दोन रबरबँड लावलेला, ओट्याखालच्या कप्प्यात बसून होता. मी एकदाही उघडला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात शेजारच्या काकू राणी चेन्नम्मा एक्स्प्रेसने बेंगळुरूला लेकीकडे आल्या. त्यांच्या हाती आईने पिशवी दिली होती. पिशवीत आणखी एक किलो चटणी. फोन केला तर आई म्हणाली, "घरातली काढून दिली गं. आमच्यासाठी परत करायला घेतलीय. कंबर जरा धरलीय, पण होईल." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

चटणी म्हणजे तुम्ही ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणता तो. कोल्हापूर-बेळगावकडे त्याला नुसतं चटणीच म्हणतात. उन्हाळ्यात मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, खोबरं, तीळ, धणे आणि खडा मसाला वेगवेगळा भाजायचा, कांदा तेलात लाल करायचा, मग लसूण घालून सगळं डंकावरून कुटून आणायचं. घरभर ठसका असतो आणि हातांची आग दोन दिवस जात नाही. वर्षाची बेगमी एकदाच होते, म्हणून ती ऑक्टोबरमध्ये पुन्हा करायला लावणं म्हणजे काय, हे त्या घरात वाढलेल्यांनाच कळेल.

आता आमच्या फ्लॅटचं सांगते. मी इथे कंटेंट रायटिंगची नोकरी करते. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला आला आणि हॉस्टेल मिळालं नाही, म्हणून माझ्याकडे राहायला आला. त्याच्या जेवणाची जबाबदारी मी मोठ्या तोऱ्यात घेतली होती. पण संध्याकाळी साडेआठला ट्रॅफिकमधून घरी पोहोचल्यावर तोरा उरत नाही. मग आठवड्यातून चार दिवस मोबाइलवरून मागवलेल्या लालभडक शेजवान नूडल्स, बाकीचे दिवस पाकिटातल्या. आणि कप्प्यात अर्धं घर कुटून भरलेला डबा.

काकू पिशवी देऊन गेल्यावर मी हिशोब केला. दोन किलो चटणी आणि आम्ही दोघं. आमटी-उसळीत घालून ती कधी संपायची? भाऊ जे आवडीने खातो त्यातच घालायला हवी. तो काय खातो, तर नूडल्स.

पहिला प्रयत्न वाया गेला. मी तेल धूर निघेपर्यंत तापवलं आणि त्यात दोन चमचे चटणी टाकली. अर्ध्या मिनिटात ती काळी पडली, आम्ही दोघं खोकत बाल्कनीत आणि खालच्या मजल्यावरून घरमालकीणबाई "एनायतु?" म्हणून ओरडायला लागल्या. चव कडू झाली. नंतर लक्षात आलं की आईची चटणी आधीच भाजलेली असते, आणि तिच्यात खोबरं आणि तीळ असतात. तिला पुन्हा भाजायचं नाही, फक्त गरम करायचं. हे एक कळलं की बाकी सगळं सोपं आहे.

दोन माणसांसाठी दीडशे ग्रॅमचं साध्या हाक्का नूडल्सचं पाकीट घ्या. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी उकळून त्यात मीठ आणि चमचाभर तेल घाला. नूडल्स पूर्ण शिजू देऊ नका. दाताखाली थोड्या कच्च्या लागल्या पाहिजेत, कारण त्या कढईतही शिजणार आहेत. निथळण्याआधी त्यातलं अर्धी वाटी पाणी बाजूला काढा. मी हे दर वेळी विसरायचे, आता वाटी आधीच सिंकजवळ ठेवते. निथळलेल्या नूडल्सवर थंड पाणी ओता आणि थेंबभर तेल चोळून ठेवा.

तोपर्यंत एका वाडग्यात दीड चमचा चटणी, दोन मोठे चमचे भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट, चमचाभर सोया सॉस, अर्ध्या लिंबाचा रस आणि सुपारीएवढा गूळ घ्या. राखून ठेवलेलं गरम पाणी थोडं थोडं घालत पिठल्याइतकं सैल कालवा. सोया सॉस नसेल तर चिंचेचा कोळ आणि किंचित जास्त मीठ चालतं. सॉस असेल तर मीठ शेवटी चव बघूनच घाला.

कढईत तीन चमचे तेल घ्या. आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून त्यात घाला आणि वास सुटला की उभा चिरलेला कांदा घाला. मग फ्रिजमध्ये असेल ते: कोबी, गाजर, ढोबळी मिरची. आच मोठी आणि वेळ दोन मिनिटं, भाजी करकरीत राहायला हवी. आता गॅस बंद करा. हो, बंदच. मग वाडग्यातलं मिश्रण आणि नूडल्स घालून दोन चमच्यांनी वर-खाली करा आणि पुन्हा मिनिटभर गॅस लावा. घड्याळ लावून बघितलंय, पाणी उकळायला ठेवल्यापासून ताटात येईपर्यंत पंचवीस मिनिटं. आमच्या भागात पार्सल यायला त्याहून जास्त वेळ लागतो.

भावाची पहिली तक्रार होती, "चव भारी आहे ताई, पण लाल नाही." हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण घरोघरी मुलं हेच म्हणतात. बाहेरचा लाल रंग त्यांच्या डोळ्यांत बसलेला असतो. तो येतो कुठून? मार्च 2024 मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला बंदी घातली. तपासलेल्या 171 नमुन्यांपैकी 107 मध्ये घातक रंग सापडले होते. बंदी रंगावर होती, गोबीवर नव्हती, तरी आमच्या ऑफिसात आठवडाभर सुतकी वातावरण होतं.

आणि गंमत बघा, रंगासाठी जगप्रसिद्ध असलेली मिरची याच राज्यात पिकते. बेळगावहून बेंगळुरूला येताना वाटेत हावेरी जिल्हा लागतो, तिथलं ब्याडगी. 2011 साली या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं. सुरकुतलेली, गडद लाल आणि तिखटाला कमी. तिचा रंग काढून लिपस्टिक आणि नेलपॉलिशमध्येही वापरतात. दुकानात तिचे डब्बी आणि कड्डी असे दोन प्रकार मिळतात, रंग हवा तर आखूड, जाड डब्बी घ्या. चार मिरच्या बिया काढून पंधरा मिनिटं गरम पाण्यात भिजवा, मिक्सरला वाटा आणि लसणाबरोबर तेलात परता. नूडल्स अशा लाल होतात की भावाने फोटो काढून मित्रांना पाठवला. लहान मुलांसाठी करत असाल तर चटणी पाव चमचाच ठेवा आणि रंगाचं काम ब्याडगीवर सोपवा. कूट घालताना मात्र मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना, एवढं बघून घ्या.

कूट घातलं म्हणून कुणी नाक मुरडेल, तर त्यांना सांगा की ज्या सिचुआनवरून आपलं 'शेजवान' आलं, तिथल्या दानदान नूडल्सवर मिरचीचं तेल आणि भरडलेले शेंगदाणे घालतात. फेरीवाले खांद्यावरच्या काठीला दोन्हीकडे भांडी लटकवून त्या विकायचे आणि त्या काठीवरूनच नाव पडलं. तिथल्या जेवणात एक मिरी असते, तिने जिभेला मुंग्या येतात. आपल्या शेजवानमध्ये ती नसतेच. पण तिची सख्खी चुलत बहीण कोकणात आहे, ती म्हणजे तिरफळ. बांगड्याच्या आमटीत घालतात तेच. दोन्ही झाडं एकाच गटातली, झँथोझायलम. सावंतवाडीच्या मावशीने दिलेली तिरफळं माझ्याकडे होती. तीन-चार घेतली, आतल्या काळ्या बिया टाकून दिल्या, सालं जराशी ठेचून गरम तेलात सोडली आणि नंतर काढून टाकली. ओठ हलके बधिर झाले. भाऊ म्हणाला, "हे काय घातलंस?" आणि पुन्हा वाढून घेतलं. मला स्वतःला हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो, पण सासूबाईंना पहिल्यांदा खाऊ घालताना नको.

पाकिटातल्या नूडल्सवर मी फुली मारलेली नाही. त्या 1958 साली जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी आणल्या. नूडल्स तळल्या की आतलं पाणी उडून बारीक छिद्रं पडतात, म्हणून गरम पाण्यात त्या लगेच फुलतात. अजूनही कधी कंटाळा आला की मी त्या वड्या घेते, पण मसाल्याची पुडी बाजूला ठेवून आईची चटणी घालते. पाकिटामागचा सोडियमचा आकडा एकदा वाचा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 2000 मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम सांगते, म्हणजे साधारण चमचाभर मीठ. लहान मुलांना त्याहूनही कमी.

हे लिहिताना आठवलं. 5 जून 2015 ला शिशाच्या कारणावरून मॅगी बाजारातून परत घ्यायचा आदेश निघाला, तेव्हा मी शाळेत होते. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला, नव्याने झालेल्या तपासण्यांत शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत आली. मधल्या पाच महिन्यांत आईने काय केलं असेल? घरच्या गव्हाच्या शेवया उकडून, लसणाच्या फोडणीत चटणी आणि कूट घालून आम्हाला द्यायची आणि म्हणायची, "ही घ्या मॅगी." आम्ही दोघांनी इतकी तोंडं वाकडी केली की दिवाळीनंतर तिने पुन्हा कधी केल्या नाहीत.

म्हणजे मी शोधून काढलेली रेसिपी दहा वर्षांपूर्वीच माझ्यासमोर ताटात आली होती. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "तेव्हा ब्याडगी नव्हती ना त्यात." असो.

घरमालकीणबाईंनाही एक वाटी नेऊन दिली, खोकल्याची भरपाई म्हणून. त्यांनी बदल्यात ओत्तु शाविगे दिल्या. तांदळाची उकड साच्यातून दाबून केलेल्या या मऊ, पांढऱ्या शेवया इथे लिंबू किंवा नारळ घालून खातात. दुसऱ्या दिवशी उरलेल्या शाविगेत मी चटणी आणि कूट घातलं. मैद्यापेक्षा पोटाला हलकं, आणि उकळायचंही काम नाही. बाजारात वाळवलेल्या तांदळाच्या शेवया मिळतात, त्या चालतील.

पहिला डबा जानेवारीत संपला. दुसरा आता तळाला लागलाय. आईला व्हिडिओ कॉलवर कढई दाखवली तेव्हा ती म्हणाली, "चटणी शेवटी घाल हं, करपते," आणि मग थोडं थांबून, "शेवया पाठवू का?" पाठव म्हटलं. ऑक्टोबरचं ते खोटं मात्र मी अजून कबूल केलेलं नाही. पण ती माझा हा कॉलम दर वेळी वाचते, त्यामुळे संध्याकाळी फोन येईलच.