जमिनीखालच्या भिंतीचे टेंडर



गुत्तेदाराने विहीर खणली तर खोली दोर सोडून मोजता येते. बांध घातला तर टेप लावता येतो. पण धरणाच्या पोटात, जमिनीखाली दोनशे फूट भिंत घातली असे कोणी बिलात लिहून आणले, तर ते तपासायचे कसे?

हा प्रश्न आता आपल्या दारात येणार आहे. देशात सर्वांत जास्त मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत. त्यांतली बहुतेक मातीची, आणि कितीतरी धरणांनी पन्नाशी गाठली आहे किंवा ती गाठायला आली आहेत. २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला. तपासण्या होतील, दुरुस्त्या निघतील आणि मागोमाग टेंडरेही निघतील. तुम्ही म्हणाल, आम्ही कोरडवाहू कापूस-ज्वारीवाले, धरणाचे पाणी आमच्या बांधाला कधी लागले नाही, आम्हाला काय त्याचे? पाणी लागले नाही हे खरे. पण त्या कामाला लागणाऱ्या पैशात आपल्याही खिशातला कर आहे, आणि धरण फुटले तर ते सातबाऱ्यावर बागायत लिहिले आहे की जिरायत हे विचारून फुटत नाही.

आधी पाझराचे थोडे समजून घेऊ. पाझर तलाव आपल्याला ठाऊक आहेत. १९७२ च्या दुष्काळात आपल्याच बापजाद्यांनी रोजगारावर माती टाकून ते बांधले. तिथे पाणी जमिनीत मुरावे हाच हेतू. मोठ्या धरणातही थोडा पाझर असतोच, आणि पाणी स्वच्छ असेल, दरवर्षी तेवढेच येत असेल, तर घाबरायचे कारण नाही. धोका गढूळ पाण्यात आहे. पाणी गढूळ आले याचा अर्थ ते आतली माती घेऊन बाहेर पडते आहे. आज चिमूटभर, उद्या पाटीभर, आणि मग एका रात्री भगदाड. म्हणून भरावाच्या पोटात हार्टिंग म्हणून काळी माती घालतात, आपल्या कापसाच्या रानातली तीच चिकण काळी. आणि भरावाखाली चर खणून, खडकापर्यंत जाऊन, तोही त्याच मातीने भरून काढतात. ओव्हरसियर लोक त्याला सी.ओ.टी. म्हणतात. हा चर झाकला गेला की पुन्हा कोणाच्या दृष्टीला पडत नाही.

अमेरिकेत केंटकी राज्यात कंबरलँड नदीवर वुल्फ क्रीक नावाचे धरण आहे. काम सुरू झाले १९४१ साली, महायुद्धात अडले, आणि १९५० नंतर पुरे झाले. लांबी साधारण पावणेदोन किलोमीटर, उंची २५८ फूट, आणि दोन तृतीयांशाहून जास्त लांबी मातीच्या भरावाची. साठा सुमारे २६० टीएमसी, म्हणजे आपल्या जायकवाडीच्या अडीचपट. बांधणारे खाते लष्कराच्या अभियंत्यांचे. तिकडे असली नागरी कामेही हेच खाते करते. धरण बसले चुनखडीच्या खडकावर. चुनखडी पाण्यात विरघळते, तिच्यात गुहा नि बोगदे तयार होतात. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काळा पाषाण, पण वणी-राजुरा पट्ट्यातल्या लोकांना चुनखडी नवी नाही. वुल्फ क्रीकचा चर अशाच एका गुहेच्या वाटेने खणला गेला. अरुंद, उभ्या कडांचा. बाजूला फुटलेल्या फटी नि पोकळ्या पुरत्या साफ करून बुजवल्या नाहीत, तसाच वर भराव चढवला.

त्याची फळे १९६७-६८ साली दिसली. धरणाखाली गढूळ पाणी आले, पायथ्याशी जमीन खचून खड्डे पडले. घाईघाईने १९७० पर्यंत सिमेंटचे ग्राऊट दाबून दाबून भरले, आणि त्यामुळेच धरण वाचले असे मानतात. मग १९७५ ते १९७९ या काळात भरावातून खाली काँक्रीटची भिंत घातली. प्रश्न मिटला असे वाटले. पण ती भिंत पुरेशी खोल नव्हती आणि पुरेशी लांबही नव्हती. पाण्याने खालून नि बाजूने वाट काढली. जानेवारी २००७ मध्ये खात्याने धरण सर्वांत धोकादायक वर्गात टाकले आणि जलाशयाची पातळी उन्हाळ्यातल्या नेहमीच्या पातळीपेक्षा सुमारे ४० फूट खाली आणली. पाण्यावर ज्यांचे पोट होते त्या नावाड्यांनी, हॉटेलवाल्यांनी ओरड केली. वीज कमी झाली. तरी पातळी खालीच ठेवली, कारण खालच्या अंगाला नॅशव्हिलसारखे मोठे शहर आहे.

आता मूळ मुद्दा, टेंडराचा. नव्या भिंतीचे काम जुलै २००८ मध्ये दिले गेले, एका इटालियन नि एका फ्रेंच घराण्याच्या जोडीला, ३४ कोटी १० लाख डॉलरच्या आसपास. त्या वेळच्या दराने चौदा-पंधराशे कोटी रुपये. हे काम केवळ सर्वांत कमी दर भरणाऱ्याला दिलेले नव्हते. कामाची पद्धत, यंत्रे, पूर्वी अशी खोल भिंत कुठे घातली, माणसे कोण, हे सगळे तपासून, त्यासोबत दर पाहून निवड केली. खात्याने मुख्यतः निकाल काय हवा ते लिहिले: भिंत किमान दोन फूट जाड हवी, अखंड हवी, इतक्या खोलीपर्यंत हवी, इतक्या मजबुतीची हवी. ती कशी घालायची हे गुत्तेदाराने सुचवायचे, आणि धरणाच्या कमी धोक्याच्या भागात आधी करून दाखवायचे. ते पटले तरच नाजूक भागाला हात.

आपल्याकडचा रिवाज आठवा. एल-वन कोण? जो वीस टक्के बिलो भरतो तो. त्या बिलोची भरपाई तो कुठून करतो हे ठाऊक नाही असा माणूस जिल्ह्यात सापडणार नाही. रस्त्याच्या कामात डांबर पातळ करतो, पुढच्या पावसाळ्यात ते उघडे पडते, निदान दिसते तरी. जमिनीखालच्या कामात तो खोली खातो, आणि ते दिसायला पंचवीस वर्षे लागतात. तोवर गुत्तेदाराचा मुलगा आमदार झालेला असतो.

वुल्फ क्रीकला दिसण्याची सोय कामातच करून ठेवली होती. साधारण ३,८०० फूट लांब नि २७५ फुटांपर्यंत खोल भिंत. ती एकमेकांत चावा घेणाऱ्या हजाराहून अधिक गोल खांबांची आणि चौकोनी पट्ट्यांची. शेजारचे दोन खांब खाली जाताना विरुद्ध बाजूंना कलले, तर तळाशी फट राहते. म्हणून प्रत्येक छिद्राचा कल यंत्राने मोजला, नकाशावर मांडला, फट राहील असे वाटले तिथे जादा खांब घातला. तयार भिंतीतून गाभे काढून पाहिले. खात्याची माणसे नि गुत्तेदाराची माणसे एकाच नोंदीवर काम करत होती, आणि वर स्वतंत्र तज्ज्ञांचे मंडळ होते.

याहून महत्त्वाची गोष्ट २०१० सालची. सर्वांत नाजूक भागात, जिथे मातीचा भराव काँक्रीटच्या धरणाला भिडतो, तिथे बसवलेल्या उपकरणांनी भरावात हालचाल दाखवली. खात्याने त्या भागातले काम थांबवले. काही महिने. भराव सांभाळण्यासाठी आधी वरून संरक्षक काँक्रीटची भिंत आणखी खोल नेली, आणि मगच पुढे गेले. धरण भरलेले असताना त्याच्याच पोटात छिद्रे पाडायची तर काम थांबवण्याचा अधिकार लागतो, आणि तो वापरणारा इंजिनिअर लागतो. आपल्या कार्यकारी अभियंत्याने काम थांबवले तर त्याची बदली किती दिवसांत होईल, ते तुम्हीच सांगा. भिंत मार्च २०१३ मध्ये पुरी झाली. आधीचे ग्राऊटिंग धरून सगळ्या प्रकल्पाचा खर्च ५९ कोटी डॉलरच्या पुढे गेला. स्वस्त अजिबात नाही. पहिल्याच वेळी, चर उघडा होता तेव्हा, फटी साफ करायला यातला किती अंश लागला असता?

अमेरिकेचे गोडवे गाण्यासाठी हे लिहिलेले नाही. तिथेही दोनदा चुकले, तिसऱ्यांदा जमले. आपल्याकडे गोसीखुर्दचा अंदाज ३७२ कोटींवरून २००७-०८ पर्यंत ७,७७७ कोटींवर गेला, आणि २०१२ च्या श्वेतपत्रिकेआधी गाजलेला आकडा तर तुम्हाला पाठ आहे: दहा वर्षांत सिंचन वाढले ०.१ टक्का. ही सगळी वर दिसणारी कामे होती. चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले, वीसच्या आसपास माणसे गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांना दिला. खेकड्यावर गुन्हा दाखल करता येत नाही, ही त्यातली सोय.

मातीची पदवी घेतलेला माणूस म्हणून एवढे सांगतो की धरणाखालच्या गावाला यंत्रांशिवायही बरेच कळते. पायथ्याला कुठे ओल वाढली, कुठे उन्हाळ्यातही गवत हिरवे राहते, कुठे झाड एका बाजूला झुकले, पाणी कधी गढूळ आले: हे गुराख्याला शाखा अभियंत्याच्या आधी दिसते. ते तारखेसह लिहून ठेवा. कायद्याप्रमाणे मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी नि पावसाळ्यानंतर तपासणी व्हायला हवी. तिचा अहवाल मागा. गळती मोजण्याची त्रिकोणी खाच धरणाखाली असते. ती गाळाने बुजलेली आहे की चालू, आणि तिची नोंदवही कोण भरतो ते पाहून या. दुरुस्तीचे टेंडर निघाले तर माहिती अधिकारात टेंडराची प्रत, बोअरच्या नोंदी आणि मोजमाप पुस्तिका मागा. त्याच कायद्यात चालू काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. तो आपण जवळजवळ कधीच वापरत नाही. ग्राऊट भरून झाल्यावर किती पोती सिमेंट कुठल्या छिद्रात गेले, हे विचारा. छिद्रागणिक आकडा नसेल तर बिल कशाच्या आधारावर काढले, हा पुढचा प्रश्न.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्या हद्दीतल्या मातीच्या धरणांची यादी आणावी: कोणत्या सालचे, खाली गावे कोणती, गळती आहे का, दुरुस्तीचे टेंडर निघाले आहे का, निघाले असेल तर किती टक्के बिलो.